डीजे सेटऐवजी हार्डवेअरवर लाइव्ह: तीन यंत्रं, ४५ मिनिटं, जोडणी कशी करावी?

खर्ज_पंचम

टेक्नो-अ‍ॅसिडच्या अंगाचा ४५ मिनिटांचा सेट बसवायचा आहे, लॅपटॉपशिवाय. सामान: एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट (२०१७ चा, पहिला; ड्रम सॅम्पलर आणि सीक्वेन्सर, म्हणजे बसवलेले सूर-ठेके क्रमाने वाजवणारं यंत्र), रोलँड टीबी-०३ (अ‍ॅसिड बेसचं यंत्र), कॉर्ग मिनिलॉग एक्सडी (सिंथेसायझर) आणि आठ चॅनेलचा मिक्सर. जागा म्हणजे क्लब, आधी आणि नंतर डीजे.

अडतंय ते असं. डिजिटॅक्टवर पॅटर्न (फिरत राहणारा बसवलेला तुकडा) बदलला की एक्सडीवर भलताच प्रोग्रॅम (साठवलेला आवाज) उघडतो. एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना मध्ये खड्डा पडतो. टीबी-०३ च्या मागे बारीक शिट्टी ऐकू येते, आणि एका विशिष्ट केबलने लावलं तर आवाजच जवळपास नाहीसा होतो. याची कारणं काय?

ठेका_१६

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डिजिटॅक्ट पॅटर्नबरोबर प्रोग्रॅम चेंज (आवाज बदला असा मिडीचा, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेतला, निरोप) पाठवतो आणि एक्सडी तो इमानदारीत पाळतो. दोन्ही यंत्रं बरोबर वागतायत, सेटिंग बदलायचं राहिलंय. डिजिटॅक्टच्या मिडी सेटिंगमध्ये प्रोग्रॅम चेंज पाठवणं बंद करा, एक्सडीवर घेणंही बंद करा. एकीकडे बंद केलं तरी भागतं, पण दोन्हीकडे केलेलं बरं.

काही जण हेच मुद्दाम वापरतात: प्रत्येक पॅटर्नला एक्सडीचा वेगळा आवाज. तसं करायचं असेल तर नव्या पॅटर्नमध्ये एक्सडीच्या ट्रॅकचा पहिला बार रिकामा ठेवा. निरोप आणि पहिला सूर जवळजवळ एकदमच पोचतात, त्यामुळे सूर कधीकधी जुन्याच आवाजात वाजतो, आणि मागच्या आवाजाची शेपटीही तुटते.

क्लॉकचा (सगळ्यांना वेग देणाऱ्या ठोक्याचा) मालक एकच हवा, आणि तो डिजिटॅक्ट. क्लॉक आणि ट्रान्सपोर्ट (सुरू-बंदचा निरोप) दोन्ही पाठवणं चालू ठेवा. मिडी क्लॉक म्हणजे एका बीटला २४ ठोके, १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ बीट) सेकंदाला साधारण ५०. टीबी-०३ किंवा एक्सडी मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालं तर वेग त्याला लगेच कळतो, पण ‘स्टार्ट’चा निरोप हुकलेला असतो, म्हणून सीक्वेन्सर गप्प बसतो. ते हातानेच समेवर सुरू करावं लागतं. घरी याचा सराव करा, स्टेजवर हे कधीतरी होतंच.

तीन यंत्रांना डिजिटॅक्ट–एक्सडी–टीबी अशी माळ लावण्यापेक्षा एक इन आणि चार-पाच आउट असलेला मिडी थ्रू बॉक्स घ्या. माळेत मधलं यंत्र अडलं की पुढचं सगळं अडतं. आणि टीबीचा मिडी आउट परत डिजिटॅक्टच्या इनमध्ये लावून वर्तुळ करू नका, सूर दोनदा वाजतात किंवा अडकून राहतात.

वायरमन

शिट्टी आणि गायब आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत.

शिट्टी: टीबी-०३ ची वीज यूएसबीवरून घेताय आणि त्याच चार्जरवर किंवा हबवर आणखी काही आहे, असं दिसतंय. डिजिटल गोंगाट यूएसबीच्या ग्राउंडवरून ऑडिओच्या ग्राउंडमध्ये शिरतो. तपासणी अर्ध्या मिनिटाची: यूएसबी काढा, चार एए सेल घाला. शिट्टी गेली तर कारण सापडलं. मग कार्यक्रमही सेलवरच वाजवा. नवे सेल घाला, आणखी चार खिशात ठेवा. स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

गायब आवाज: टीबी-०३ चं आउटपुट ३.५ मिमीचं स्टिरिओ आहे. तुमची ती केबल एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला एकच ६.३ मिमीचा तीन कड्यांचा जॅक अशी असणार. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या कडीवरचा वजा करतं. टीबीचा मूळ आवाज मोनो, म्हणजे दोन्हीकडे तोच, आणि वजाबाकी शून्य. कानाला उरतो तो नुसता किडकिडीत अवशेष. एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसरीकडे दोन वेगळे ६.३ मिमी मोनो जॅक अशी वाय केबल घ्या आणि डावाच जॅक एका चॅनेलला लावा.

क्लबमध्ये गेल्यावर आधी बोर्डाला मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ २–३ व्होल्टच्या आत. अर्थ तुटलेला असेल तर यंत्राच्या धातूच्या कडेला बोट लागताच झिणझिण्या येतात. तिथे सामान लावू नका, दुसरा पॉइंट मागा. घूं आवाज घालवायला प्लगची अर्थची पिन काढायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. आवाज तोडायचा तो ऑडिओच्या बाजूने: ट्रान्सफॉर्मरवाले दोन डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारे डबे) आणि त्यांचं ग्राउंड लिफ्ट (ऑडिओचं ग्राउंड तोडणारा स्विच). तुमचं सगळं सामान मिळून १०० वॅटही खात नाही, तेव्हा एकच स्पाइक गार्ड पुरतो. तो ध्वनीच्या लाइनवरून घ्या, लाइटिंगच्या डिमरवरून नको.

अ‍ॅडॅप्टरच्या प्रत्येक पिनेला आणि यंत्राच्या सॉकेटला एकाच रंगाची टेप लावा. डिजिटॅक्टला १२ व्होल्ट लागतात, इतरांना वेगळे. गिटार पेडलच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बहुधा मधली पिन ऋण असते, कॉर्ग वोल्कासारख्यांना ती धन लागते. अंधारात पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर बरोबरच आहे असं नाही.

आवर्तन

आता खड्ड्याबद्दल, कारण लाइव्ह सेट उभा राहतो तो याच जागी.

हिशोब आधी. १२४ बीपीएमला १६ बार म्हणजे ३१ सेकंद. डिजिटॅक्टचा ६४ स्टेपचा (स्टेप म्हणजे बारचा सोळावा भाग) पूर्ण पॅटर्न म्हणजे ४ बार, पावणेआठ सेकंद. तो पाच मिनिटं चालवला तर जवळजवळ ३९ वेळा फिरतो. म्हणून नुसते म्यूट चालू-बंद करून भागत नाही, ऐकणाऱ्याला चौथ्या फेरीत साचा कळतो. हायहॅटला १२ स्टेपची लांबी द्या, एका पर्कशनला १४, किक (बेस ड्रम) १६ वरच. तालवाद्याच्या दोन-तीन ट्रिगवर (स्टेपवर ‘इथे वाज’ अशा खुणांवर) १:४ किंवा ३:८ अशा अटी घाला, म्हणजे ते चार किंवा आठ फेऱ्यांत एकदाच वाजतील. ट्रॅकनिहाय लांबी वापरताना पॅटर्न कितव्या स्टेपला बदलायचा ते वेगळं ठरवावं लागतं. ते विसरलात तर बदल भलत्याच जागी होतो आणि सम हुकते.

४५ मिनिटांना आठ पॅटर्न-गट पुरतात. सगळे एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवा, कारण दुसरा प्रोजेक्ट उघडायचा तर सीक्वेन्सर थांबतो. टेम्पो ग्लोबल ठेवा, नाहीतर पॅटर्नगणिक वेग उडी मारेल. ट्रॅक १ वर किक, २ वर क्लॅप, ३–४ वर हॅट हा क्रम सगळीकडे तोच. हाताला जागा पाठ असली की डोळे लागत नाहीत.

आता पूल, म्हणजे एका पॅटर्नवरून दुसऱ्यावर जाणं. टीबी-०३ चा स्वतःचा सीक्वेन्सर क्लॉकवर चालतो, डिजिटॅक्टवर कोणता पॅटर्न आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून शेवटच्या १६ बारांत टीबीचा कटऑफ (फिल्टरचा नॉब) हळूहळू उघडा, शेवटच्या ८ बारांत किक काढा, ४ उरले की हॅटशिवाय सगळं म्यूट. मग पॅटर्न बदला. नव्या पॅटर्नमध्येही किक आणि बेस आधीच म्यूट हवेत. त्यासाठी ग्लोबल म्यूट न वापरता पॅटर्न म्यूट वापरा, तो प्रत्येक पॅटर्नबरोबर साठतो. टीबी अखंड वाजत राहतं, ऐकणाऱ्याला शिवण दिसत नाही. आठ बारांनी किक आत. डिजिटॅक्टचे डिले-रिव्हर्ब पॅटर्नगणिक साठतात, त्यामुळे त्यांच्या शेपटीवर पूल बांधू नका.

आणि फंक्शन + येस हे बोटांत बसवा. चाळे सुरू करण्याआधी पॅटर्न तात्पुरता साठतो, मग सगळे नॉब कुठेही न्या, फंक्शन + नो दाबलं की मूळ जागी. ड्रॉपसाठी (सगळं एकदम परत आदळतं त्या क्षणासाठी) यापेक्षा चांगलं बटण नाही.

जाता जाता: मिडी आलं १९८३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ (टीबी-०३ चं मूळ यंत्र), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) वर राग वाजवून ठेवले होते. ८०८ चं डिन सिंक (मिडीच्या आधीची क्लॉकची जोडणी) ३०३ ला थेट चालवतं. म्हणजे एक मालक, एक केबल. यंत्रं वाढवण्याआधी हे आठवावं.

खर्ज_पंचम

वाय केबलने आवाज आला, सेलवर शिट्टीही गेली. आता क्लबला आउटपुट दोन द्यायचे की किक वेगळा? आणि डीजेच्या शेवटच्या ट्रॅकवर बीट जुळवून घुसावं का?

फेडर_खाली

दोनच द्या. डिजिटॅक्टला वेगळे आउट नाहीत. किक पूर्ण डावीकडे आणि बाकी उजवीकडे असं पॅन करून दोन मोनो काढता येतात, पण मग स्टिरिओ रिव्हर्ब किकच्या वाटेत येतो आणि साउंडवाल्याला दरवेळी समजावत बसावं लागतं.

बहुतेक क्लबांत तुम्हाला डीजे मिक्सरचा एक चॅनेल मिळेल, आरसीए लाइन. तिथे फोनो-लाइन स्विच स्वतः पाहा: फोनोवर सुमारे ४० डीबीचा गेन आणि वर रेकॉर्डचं इक्यू असतं, तुमचा सिग्नल चेचला जाईल. आरसीएची पातळी तुमच्या मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपेक्षा जवळपास १२ डीबी कमी धरलेली असते. तेव्हा तुमचा मास्टर खाली ठेवा, डीजे मिक्सरचा ट्रिम मधोमध. साउंडचेकला सगळ्यात भरलेला पॅटर्न आधी वाजवा आणि ६ डीबी मोकळे सोडा. घरी एकदा सगळं मोनो करून ऐका. क्लबची सिस्टिम मोनो असेल तर एक्सडीचा रुंद कोरस निम्मा विरतो.

बीट जुळवू नका. जमतं, टेम्पोच्या पडद्यावर डावा-उजवा बाण धरून डिजिटॅक्ट किंचित मागेपुढे ढकलता येतो. पण सुरुवातीलाच घाम कशाला? एक्सडीवर अर्धा मिनिट लांब सूर धरा, डीजेला त्यावर फेड करू द्या, मग तुमचा किक. एक्सडी अ‍ॅनालॉग आहे, त्याआधी २० मिनिटं चालू ठेवून ट्यून करून घ्या.

वायरमन

आणि यूएसबीचा मान वळणारा दिवा न्या. तोही टीबीच्या चार्जरवर लावू नका.