गोकुळ शिरगावात फाउंड्रीत मुलाखत आहे, क्वालिटीसाठी. काय तयारी करू?

गडहिंग्लजचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. यंदाच डिप्लोमा झालाय, मेकॅनिकल. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून (लोखंड ओतायचा कारखाना) क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी फोन आला, पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला बोलावलंय. फाउंड्रीला लागूनच त्यांचं मशीन शॉप आहे. अनुभव म्हणाल तर इनप्लांट ट्रेनिंग, तेवढाच. इंग्लिश कळतं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. मावसभाऊ म्हणतोय टाय लाव. बाबा म्हणतायत मी सोबत येतो, साहेबांशी दोन शब्द बोलतो. आदल्या रात्री कोल्हापुरात मंगळवार पेठेत आत्याकडं मुक्काम आहे. पहिल्याच भेटीत छाप पडायला नेमकं काय करावं? यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय.

उद्यमनगरकर

भावा, टाय आत्याकडंच राहू दे. बऱ्याच ठिकाणी बोलणं झाल्यावर शॉपवर फिरवून आणतात आणि फिरत्या मशीनजवळ लोंबतं काहीच चालत नाही. टाय बघून साहेब ओळखतात की पोरगं शॉपमध्ये कधी उभं राहिलेलं नाही. फिकट रंगाचा इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, बंद बूट. शुभ्र पांढरा नको, तिथली काळी वाळू कुणाला सोडत नाही. बाबांना नमस्कार सांग, पण त्यांची हद्द गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत.

आता मुद्द्याचं. क्वालिटीच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' हे दोन मिनिटांत उरकतं. मग साहेब टेबलावर एक जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, ठेवतात, शेजारी व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मापपट्टी) आणि ड्रॉइंग. म्हणतात, माप बघू. इथं सगळी नजर तुझ्या हातांवर असते. पोरं थेट जबडा लावून आकडा सांगून मोकळी होतात. तू आधी जबडे पूस, मिटवून झिरो एरर बघ, म्हणजे रीडिंग शून्यावर येतंय का ते, जॉबवर बर (कडेला राहिलेली धारदार कूस) आहे का बोट फिरवून बघ, मग दोन-तीन जागी माप घे आणि रीडिंग लिहून ठेव. तोंड न उघडता निम्मी मुलाखत तिथंच होते.

यात एक फसवा डावही असतो. ड्रॉइंगवर बोअर (गोल भोक) असतो २५ एच७, आणि हातात देतात व्हर्नियर. २५ मिमीला एच७ म्हणजे सूट वर ०.०२१ मिमी, खाली शून्य. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तोच ०.०२, त्यात काय मोजणार? 'सर, याला बोअर गेज नाहीतर प्लग गेज लागेल' एवढं शांतपणे म्हणालास की साहेब खुर्चीत सरळ बसतात.

फाउंड्री आहे म्हटल्यावर डिफेक्टही विचारणारच. कापलेलं कास्टिंग (ओतीव भाग) दाखवून 'हे भोक कसलं' म्हणतील. आतून गुळगुळीत, गोलसर असेल तर ब्लो होल, गॅस अडकलेला. आतून खडबडीत, वेडंवाकडं आणि जाड भागात असेल तर श्रिंकेज, धातू थिजताना आकसलेला. ग्रे आयर्न या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं, एसजी आयर्नमध्ये गोळीसारखं आणि ते मॅग्नेशियम ट्रीटमेंटनं होतं, एवढं तरी पाठ असू दे. पुढचं नाही आलं तर 'माहीत नाही सर, बघून घेतो' म्हण. थापा मारणारा क्वालिटीत कुणालाच नको असतो, उद्या तो रिपोर्टवरही थापाच लिहील.

एचआर_ताई

वरच्या दादांचं तांत्रिक बरोबर आहे, पण त्यांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी तू माझ्यासारखीच्या हातातून जातोस. फोन लावला की कॉलर ट्यूनला ढणढण गाणं, रिज्युमेवरच्या ईमेलमध्ये 'किंग', 'राजे' आणि तीन आकडे. त्यावरून कुणाला नाकारत नाही मी, पण हसू येतं ते येतंच. साधा नावाचा ईमेल काढ.

इंग्लिशचं एवढं घेऊ नकोस. ओळख इंग्लिशमध्ये तयार ठेव, अडलास की 'मराठीत सांगू का मॅडम?' असं विचार. इथले बहुतेक साहेब मराठीतच सुरू होतात. पाठ केलेलं इंग्लिश घडाघडा म्हणणारा पोरगा मधे एक प्रश्न विचारला की थांबतो, पुढचं सुचतच नाही त्याला.

आणखी एक, मार्कशीट ओरिजिनल दाखवायच्या, द्यायच्या झेरॉक्स. जमा करा म्हणाले किंवा नोकरीसाठी पैसे मागितले, तर तिथून सरळ उठायचं.

शिरोली_नाका

आदल्या रात्री येतोयस ते शहाणपणाचं केलंस. पावसाचे दिवस आहेत. २०१९ आणि २०२१ ला महापुरात हायवेच बंद होता, इकडं शिरोलीला पंचगंगा, तिकडं यमगर्णीला वेदगंगा. गुरुवारी पाऊस असेल तर चप्पल घालून ये, बूट-मोजे पिशवीत. गेटजवळ पाय पुसून बूट घाल. पावणेदहाला गेटवर नाव नोंदव. नऊलाच जाऊन बसलास तर सिक्युरिटीवालाच कंटाळेल.

गडहिंग्लजचा_मेकॅनिकल

सगळ्यांचे आभार, एच७ चं तर डोक्यातच नव्हतं. पगाराचं काय करू? 'अपेक्षा किती' विचारलं तर?

आजोबा_फिटर

पहिल्या नोकरीत पगार विचारू नये पोरा. काम शीक, पैसा मागनं येतो.

तांबडा_पांढरा

काका, तुमच्या वेळी खोलीभाडं किती होतं? आपण होऊन विषय काढू नकोस हे खरं, पण विचारला तर लाजायचं कशाला. 'कंपनीच्या नियमानं' असं म्हण आणि लगेच पुढचं विचार: हातात किती येतील? सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा फुगलेला असतो, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफसुद्धा धरलेला असतो. समज ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,००० आणि त्यात बेसिक-डीए १२,००० आहे. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० गेले, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्क्यानं १३५, व्यवसाय कर २००. राहिले १६,२२५. फेब्रुवारीत आणखी १०० कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात. कँटीन आणि बसचं वेगळं. शिवाय कंपनीच्या रोलवर घेणार, कंत्राटदाराकडून, की अप्रेंटिस म्हणून, हेही विचारून घे. ऑफर लेटर आलं की आधी हे बघायचं.

एचआर_ताई

एक राहिलंच. 'सहा महिन्यांत पुण्याला पळणार नाहीस ना?' हा आमच्याकडचा हमखास प्रश्न. शिकवून तयार केलेलं पोरगं चाकणला जातं, हे इथल्या प्रत्येक मालकाचं दुखणं आहे.

उद्यमनगरकर

त्यावर शपथा घेऊ नकोस, कुणी विश्वास ठेवत नाही. 'सीएमएम (मापं घेणारं मशीन) चालवायला शिकायचंय, पीपीएपीची (गिऱ्हाइकाच्या मंजुरीची) फाइल कशी बनते ते बघायचंय, इथं ते मिळालं तर जायचं कशाला' असं म्हण. पण खरंच वाटत असेल तरच म्हण. आणि तुम्हाला रिजेक्शन जास्त कशात येतं, हा प्रश्न शेवटी तू त्यांना विचार. साहेब सुरू झाले की थांबायचे नाहीत, ऐकून घे.

गडहिंग्लजचा_मेकॅनिकल

दादा, व्हर्नियर हातात घेऊन बरेच दिवस झाले. गुरुवारपर्यंत सराव कुठं करू? नवीन घ्यायला परवडत नाही.

उद्यमनगरकर

तुझ्याच पॉलिटेक्निकच्या मेट्रोलॉजी लॅबला जा. लॅब असिस्टंटला चहा पाज, बोअर गेजपण काढून देईल.