मदत हवी आहे: सहावा महिना, वार (प्लासेंटा) खाली आहे आणि ९ तासांचा प्रवास, कार की ट्रेन?

नमस्कार मैत्रिणींनो, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल. मला २३ वा आठवडा चालू आहे. पंधरा दिवसांनी आईचं ऑपरेशन आहे आणि मला तेव्हा तिच्याजवळ असायचंय, कारने साधारण ९ तास लागतात. अडचण अशी की २० व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ आहे असं आलं. डॉक्टर म्हणाल्या या टप्प्यावर बऱ्याच जणींची असते, पोट वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते, ३२ व्या आठवड्यात परत बघू. ब्लीडिंग एकदाही झालेलं नाही. प्रवासाचं म्हणाल्या की निघायच्या आधी तपासून सांगते, पण त्या गर्दीत कार की ट्रेन हे विचारायचं राहूनच गेलं.

सासूबाई म्हणतात गाडीच्या धक्क्यांनी काहीतरी होईल. नवरा म्हणतो कारच बरी, हवं तिथे थांबता येतं. मला ट्रेन बरी वाटते कारण उठून फिरता येतं, आडवं होता येतं, टॉयलेट जवळ, पण मधेच काही झालं तर काय करायचं हेच डोक्यात फिरतंय, रात्री झोप लागत नाही. कोणी असा प्रवास केलाय का? आणि कारमध्ये बेल्ट कसा लावायचा, मी सध्या लावतच नाही, पोट दाबलं जाईल असं वाटतं.

उत्तर:
ताई, आधी बेल्टचं. न लावता बसू नकोस प्लीज. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर घट्ट, आणि वरचा दोन्ही छातींच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून कुठलाच नको.

माझीही वार खाली होती, मी कारने गेले. नुसत्या धक्क्यांनी गर्भपात होत नाही, पण वार खाली असताना ब्लीडिंग अजिबात न दुखता सुरू होऊ शकतं, तेव्हा वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठावं लागतं, म्हणून मला कार बरी वाटली. बाळंतपणाची आणि रक्ताची सोय असलेली वाटेतली हॉस्पिटलं आधीच लिहून ठेव, फाइल आणि ब्लड ग्रुपचा रिपोर्ट हाताशी ठेव, डिकीत नको. दर दीड-दोन तासांनी उतरून चाल, गरोदरपणात रक्त लवकर गोठतं त्यामुळे पायात गुठळी व्हायची भीती असते. लघवी लागेल म्हणून पाणी कमी करू नकोस. पण डॉक्टर नको म्हणाल्या तर मात्र जाऊ नकोस, आई समजून घेईल.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद ताई, बेल्टचं खरंच माहीत नव्हतं. उद्याचीच अपॉइंटमेंट घेतलीय, प्रश्न कागदावर लिहून नेतेय. अजून एक, मधे एक रात्र मुक्काम करून दोन दिवसांत गेले तर पाठीला आणि पायांच्या सुजेला खरंच फरक पडतो का?