चिलया बाळ परत येतो, बहिणीचं बाळ नाही

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): श्रावणात आजी चिलया बाळाची कहाणी सांगायची. अतिथी बनून आलेल्या शंकराच्या मागणीवरून चांगुणा पोटच्या पोराचं, चिलयाचं, डोकं उखळात कांडते, शेवटी शंकर बाळ परत देतो. गेल्या वर्षी बहिणीचं बाळ गेलं. आता तिच्यासमोर ही कहाणी कशी सांगू? तिला काय वाचायला देऊ?

पंचवटीकर: गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकरींची, ‘राजहंस माझा निजला’ ही कविता. तिथे चमत्कार नाही. गेलेल्या बाळाला न्यायला आलेल्यांना आई सांगत राहते, तो झोपलाय. त्या आईला वेडी म्हणवत नाही.

सिडकोतली ताई: दादा, एवढ्यात कविता नको हो! बाळाचं नाव घेऊन बोला तिच्याशी. आमच्या घरी सगळे नाव टाळायचे, तेच जास्त लागलं.

प्रश्नकर्ती: नाव घेईन, ताई. कविता सार्वजनिक वाचनालयातून आणून आधी मीच वाचते.