अनुभव धागा : कोकणातल्या कंपन्यांत ‘टीम्स’, ‘स्लॅक’ आणि तत्सम सॉफ्टवेअर कितपत रुजले?

धागाकर्ता (रत्नागिरी, यंत्रभागांचा कारखाना, खरेदी विभाग)

कर्मचाऱ्यांनी कामाविषयीचे बोलणे फोनवर किंवा खासगी निरोपांतून न करता एका सामायिक जागी, सर्वांना दिसेल असे करावे, ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू मॅकॲफी यांनी २००६ मध्ये त्यासाठी ‘एंटरप्राइझ २.०’ ही संज्ञा मांडली. २००८ मध्ये यॅमर हे कंपनीअंतर्गत संवादाचे सॉफ्टवेअर आले आणि चारच वर्षांनी मायक्रोसॉफ्टने ते १२० कोटी डॉलरना विकत घेतले. त्यानंतर स्लॅक आले, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचेच टीम्स आले आणि २०२० च्या टाळेबंदीने ही सॉफ्टवेअर आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत आणून पोहोचवली. पुण्या-मुंबईतल्या लोकांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे. मात्र प्रत्येकाला स्वतःचे टेबल, स्वतःचा संगणक आणि दिवसभर वीज मिळते असे त्यांचे गृहीत असते, आणि ते आपल्याकडे फारसे लागू पडत नाही. म्हणून हा धागा. कोणते सॉफ्टवेअर आणले याच्या वर्णनापेक्षा, ते आल्यावर कोणते काम खरोखर तिकडे गेले आणि कोणते जुन्याच वाटेने होत राहिले, हे कृपया सविस्तर लिहावे. तक्रार असल्यास कंपनीचे नाव घेऊ नये.

सुरुवात मीच करतो. आमच्याकडे खरेदीच्या मंजुरीसाठी टीम्सवर स्वतंत्र चॅनेल (एका विषयापुरती सामायिक संवादाची जागा) उघडले गेले, प्रशिक्षण झाले, पेढेही वाटले गेले. पुढचे काही महिने त्या चॅनेलवर ‘शुभ सकाळ’ वगळता काही उमटले नाही, कारण मालक मंजुरी फोनवरच देत होते आणि ज्याला माल लवकर हवा तो साहजिकच फोन करत होता. शेवटी मालकांच्या कन्येने कारभार हाती घेतला आणि फोन आला की त्या एवढेच म्हणू लागल्या, ‘तिथे लिहा, मी तिथेच उत्तर देते.’ त्या खरोखर तासाभरात उत्तर देत असत. आठवडाभर कुरकुर झाली, मग सगळे आपोआप तिकडे वळले. माझे निरीक्षण असे आहे की लोक सॉफ्टवेअरची वैशिष्ट्ये पाहत नाहीत. साहेब उत्तर कुठे देतात ते पाहतात.

लोटे परशुराम, रासायनिक कारखाना, उत्पादन विभाग

आमच्याकडे ज्वलनशील द्रावके वापरली जातात, त्यामुळे प्रक्रिया विभागात साधा मोबाइल नेण्यास सक्त मनाई आहे. फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवूनच आत जावे लागते. मुख्य कार्यालयातून ‘सर्वांनी ॲप घ्यावे’ असे परिपत्रक आले तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ ऑपरेटरने शांतपणे विचारले, ‘साहेब, आठ तास फोन कप्प्यात, मग ॲप वाचायचे ते घरी जेवताना का?’ या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हते.

तडजोड म्हणून कंट्रोल रूममधल्या संगणकावर टीम्स बसवण्यात आले आणि तिन्ही पाळ्यांना मिळून एकच लॉगिन देण्यात आले. परवान्याचा खर्च त्यामुळे वाचला, पण मूळ हेतू बुडाला. रात्रपाळीत कोणीतरी ‘पंप २ चे सील गळते आहे, सकाळी बघावे’ असे लिहिले, सकाळच्या पाळीत कोणीतरी त्याखाली ‘पाहिले’ असे लिहिले, आणि दुपारी मेंटेनन्सची माणसे चौकशीला आली तेव्हा लिहिणारा कोण, पाहणारा कोण आणि पाहून नेमके काय केले, यांपैकी कशाचाच पत्ता लागेना. सामायिक जागेवर लिहायचे तर लिहिणाऱ्याचे नाव हवेच. ते नसेल तर ती जागा म्हणजे बसस्टँडची भिंत होते.

पुढे प्रत्येक शिफ्ट इन्चार्जला स्वतंत्र लॉगिन मिळाले आणि पाळी सोपवण्याचा एक ठरावीक मसुदा तयार झाला : प्रत्येक रिॲक्टरमधली बॅच कोणत्या टप्प्यावर आहे, कोणते वर्क परमिट (धोक्याच्या कामाचा लेखी परवाना) अजून बंद झालेले नाही, कोणता इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र थांबवणारी सोय) तात्पुरता बायपास केला आहे आणि कोणते यंत्र दुरुस्तीसाठी उभे आहे. जाणारा इन्चार्ज पाळी संपण्यापूर्वी हे लिहितो, आणि येणाऱ्याने त्याच संदेशाखाली किमान एक प्रश्न विचारायचा असा आमच्या प्लांट मॅनेजरांनी नियम केला. प्रश्नाची सक्ती मला आरंभी पोरकट वाटली होती. परंतु प्रश्न विचारायचा म्हणजे आधीचे वाचणे भाग पडते. आता एखादे सील पुन्हा गळू लागले की त्याचा मागचा सगळा इतिहास शोधून मिळतो, आणि दोष सीलचा आहे की पंपाच्या अलाइनमेंटचा, यावर मेंटेनन्सशी होणारी चर्चा पुराव्यानिशी होते.

सह्यांचे कागदी लॉगबुक आणि वर्क परमिट मात्र आम्ही बंद केलेले नाही, आणि करू नये असेच माझे मत आहे.

रत्नागिरी, आंबा पॅकहाऊस

लोट्याच्या दादांचा नावाचा मुद्दा पटला. आमच्याकडे नावापेक्षा लॉटचा क्रमांक महत्त्वाचा. हापूसमधला साका बाहेरून कळत नाही. फळ कापल्यावरच गरातला पांढरट, आंबटसर भाग दिसतो. वाशीचा व्यापारी कापलेल्या फळाचा फोटो पाठवून ‘पेटी परत घ्या’ म्हणतो तेव्हा ती पेटी कोणत्या बागेची, कोणत्या तोडणीची आणि प्रतवारी कोणाच्या टेबलावर झाली, हे आम्हाला तासाभरात कळावे लागते, कारण त्याच बागेचा दुसरा माल तोवर ट्रकमध्ये चढत असतो.

पूर्वी हे सगळे व्हॉट्सॲपवर चालत असे. फोटो चार गटांत विखुरलेले, आणि मुकादम हंगाम संपल्यावर नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनबरोबर सगळा इतिहासही गेला. आता झोहो क्लिक या टीम्ससारख्याच सॉफ्टवेअरवर प्रत्येक खेपेसाठी वेगळे चॅनेल उघडले जाते आणि खेप पोहोचून पैसे जमा झाले की ते बंद होते. अडचण लिहिण्याची होती. प्रतवारी करणाऱ्या बायकांचे हात देठाच्या चिकाने माखलेले असतात, त्या हातांनी टाइप होत नाही. त्यांनी स्वतःच वाट काढली : फोन मांडणीवर उभा ठेवायचा आणि बोलून निरोप पाठवायचा. ‘डाग जास्त, दोन नंबरात टाकते’ एवढाच तो निरोप असतो. परंतु बोललेला निरोप शोधून सापडत नाही, म्हणून वजनकाट्यावरची मुलगी प्रत्येक निरोपाखाली लॉटचा क्रमांक टाइप करते. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने दाखवलेल्या कोणत्याही सोयीपेक्षा त्या मुलीच्या या कामाचा आम्हाला अधिक उपयोग झाला आहे. तिचा पगार त्यासाठी वाढवला, हेही नमूद करते.

रत्नागिरी, मासळी प्रक्रिया

एक व्यवहारी सूचना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आमची बरीच माणसे गावी जातात, पण सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना घेतला असेल तर माणशी शुल्क चालूच राहते. कायमस्वरूपी कर्मचाऱ्यांपुरता वार्षिक आणि हंगामी लोकांसाठी मासिक परवाना घ्यावा. दुसरे असे, की हंगाम संपताच त्यांची खाती बंद करावीत. आमचा एक पर्यवेक्षक शेजारच्या कंपनीत गेल्यावरही आमचे खरेदीचे दर रोज सकाळी वाचत होता!

महाड, परदेशी कंपनीचा कारखाना

आमची कथा उलट्या दिशेची आहे. जगभरच्या सगळ्या कारखान्यांसाठी फेसबुकचे ‘वर्कप्लेस’ आणले गेले, आणि दिसायला ते फेसबुकसारखेच असल्यामुळे शिकवावे लागले नाही. वर्षभरात त्यावर काय होते? वाढदिवस, वृक्षारोपण, संचालकांच्या भेटीचे फोटो आणि त्याखाली अंगठे. मनुष्यबळ विभागाने प्रत्येक खात्याला महिन्याच्या पोस्टचे लक्ष्य ठरवून दिले, तेव्हा एकाच हेल्मेट वाटपाचे फोटो तीन खात्यांनी टाकले. ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद केवळ वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकच नियमित लिहितो, असा ढोबळ नियम संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये सांगितला होता. आमचा तो एक म्हणजे मनुष्यबळ विभागच होता.

एकदा एका कामगाराने कँटीनच्या पाण्याविषयी सभ्य भाषेत प्रश्न विचारला. त्याला तिथे उत्तर मिळाले नाही; संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणे मात्र आले. त्यानंतर कारखान्यातून एकही प्रश्न तिथे विचारला गेला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

पुढे २०२४ च्या मे महिन्यात फेसबुकची मालक कंपनी मेटाने वर्कप्लेस बंद करण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२५ नंतर ते केवळ वाचण्यापुरते उरले. आमच्याकडे जुना मजकूर उतरवून ठेवण्याविषयी बैठक झाली, तेव्हा उतरवण्याजोगे काय आहे असे विचारल्यावर सभागृहात कोणीच काही सुचवले नाही.

चिपळूण, बांधकाम व्यवसाय

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचे तळमजल्यावरचे कार्यालय बुडाले. नकाशांच्या गुंडाळ्या, मोजमाप वह्या, बिलांच्या फायली, सगळ्यांचा लगदा झाला. त्यानंतर आम्ही नकाशे आणि मोजमापे ढगात (म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत) ठेवू लागलो आणि प्रत्येक साइटचे चॅनेल केले, हे योग्यच झाले. तथापि एक गैरसमज दूर करतो, कारण विक्रेते चिपळूणचे नाव घेऊन तो पसरवतात. पुराच्या दिवशी वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. त्या दिवशी कोणतेही सॉफ्टवेअर असते तरी चालले नसते. माणसे कुठे आहेत हे आम्हाला पोहून आणि होडीतून फिरणाऱ्या पोरांकडूनच कळले. सॉफ्टवेअरचा उपयोग पाणी ओसरल्यावरचा आहे : ठेकेदाराशी मापावरून वाद झाला तर वहीचे पान शाबूत असते. आपत्तीच्या दिवसासाठी सगळ्यांच्या घरचे पत्ते आणि नंबर छापून वरच्या मजल्यावर लावून ठेवा.

मालवण, घरून काम (पुण्याची छोटी सॉफ्टवेअर कंपनी)

आम्ही स्लॅकची मोफत योजना वापरत होतो. सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेत केवळ मागच्या ९० दिवसांचे संदेश दिसू लागले, आणि ग्राहकाशी झालेले जुने निर्णय पडद्याआड गेले. त्यामुळे ठरलेली गोष्ट त्याच दिवशी वेगळ्या दस्तऐवजात लिहून ठेवण्याची शिस्त आम्हाला लागली. घरून काम करणाऱ्यासाठी उघड चॅनेल हाच कार्यालयातला कट्टा असतो; पुण्यातली मंडळी चहाच्या टपरीवर जे ठरवतात ते खासगी निरोपांत राहिले, तर मालवणात बसलेल्या माणसाला ते कधीच कळत नाही. तौक्ते वादळानंतर वीज आली नव्हती तेव्हा स्लॅकवर माझ्या नावापुढचा ‘हजर’ दाखवणारा हिरवा ठिपका विझलेला पाहून एका व्यवस्थापकाने रजेचा अर्ज मागितला होता, हेही येथे नोंदवतो.

कुडाळ, काजू प्रक्रिया

सर्वांचे वाचले. आमच्याकडे व्हॉट्सॲपशिवाय काहीही नाही आणि काहीही अडत नाही. गटात १०२४ माणसे मावतात, माझ्याकडे त्याच्या दहाव्या भागाइतकीही नाहीत. काजू सोलणाऱ्या बायकांना घरी जे ॲप येते तेच कामावर असावे, दुसरे शिकवण्यात माझा आणि त्यांचा वेळ का घालवावा?

सावंतवाडी, संगणक सल्लागार

कुडाळच्या काकांना मी व्हॉट्सॲप सोडा असे सांगणार नाही. कामगारांची आधार कार्डे आणि बँक पासबुकांचे फोटो तेवढे त्या गटातून काढून टाका. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी ते फोटो सगळ्या मुकादमांच्या फोनमध्ये असू नयेत.

मी या पट्ट्यातल्या अनेक लहान कंपन्यांत अशी सॉफ्टवेअर बसवली आहेत आणि एका अडचणीविषयी कोणीच बोलत नाही, ती म्हणजे शोध. आपली माणसे मराठी लिहितात, पण अर्धी देवनागरीत आणि अर्धी रोमन अक्षरांत, आणि रोमनमध्ये प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे. ‘पाठवले’ हा एकच शब्द मला एका चॅनेलवर पाच प्रकारे लिहिलेला सापडला आहे. सहा महिन्यांपूर्वीचे चलान शोधायचे तर शोधपेटीत काय लिहावे? सॉफ्टवेअर बदलून हे सुटत नाही. पॅकहाऊसच्या ताईंनी सांगितलेला उपाय मीही सगळीकडे सुचवतो : भाषा जशी असेल तशी असू द्या, पण प्रत्येक संदेशात ऑर्डर, लॉट किंवा यंत्राचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत हवाच.

चॅनेलची संख्याही आवरावी. एका गृहस्थांनी पहिल्याच दिवशी खात्यागणिक, साइटगणिक आणि सणागणिक चॅनेल उघडली होती. मी एका कामापासून सुरुवात करतो, आणि ते काम असे निवडतो की ज्याचे उत्तर मिळवण्यासाठी माणसे रोज एकमेकांना फोन करतात. ते तिथे स्थिरावले की दुसरे.

जयगड परिसर, मालवाहतूक

धागाकर्त्यांचे साहेबांविषयीचे निरीक्षण खरे आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. आमचे साहेब सॉफ्टवेअरवरच उत्तर देतात आणि रात्री अकरालाही देतात. त्यामुळे सगळ्यांना रात्री अकराला जागे राहावे लागे. कार्यालयातल्या महिलांनी एकत्र येऊन हा विषय बैठकीत मांडला. आता रात्री आठनंतरचा निरोप फक्त त्या दिवशीच्या ड्युटीवरच्या माणसाने पाहायचा असतो, आणि ड्युटीची यादी चॅनेलच्या माथ्यावर चिकटवलेली असते. गणपतीच्या दिवसांची यादी श्रावणातच लागते, कारण त्या दिवसांत ड्युटी कोणी घ्यायची यावरून होणारी भांडणे आजही समोरासमोर बसूनच मिटवावी लागतात.