स्त्रीपार्ट करणाऱ्या कलावंताचे चाळिशीनंतर काय होते?

तलावपाळी
नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करतो. गेली चार वर्षे मी नऊवारी नेसून लावणी सादर करतो. सुरुवात सोसायटीच्या गणेशोत्सवात झाली; आता हळदीचे समारंभ, नवरात्रातील कार्यक्रम आणि कंपन्यांची स्नेहसंमेलने यांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आहेत, आणि लावणीच्या जोडीला नकला व दोन-तीन स्त्रीपात्रांचे विनोदी प्रवेशही मी बसवले आहेत. मागील महिन्यात एका आयोजकाने ऐनवेळी सांगितले की लावणी नको, नुसते लाडेलाडे बोलून लोकांना हसवा. मी तसे केले, मानधनही घेतले, आणि ते मला अजून खटकते आहे.

आईचा विरोध नाही, मात्र तिचा एकच प्रश्न आहे: चाळिशीनंतर काय करशील? ज्यांनी रंगमंचावर स्त्री साकारण्यावरच कारकीर्द उभी केली, त्यांचे उत्तरार्धात काय झाले, हे जाणकारांनी सांगावे. नोकरी सोडावी की नाही, हेही मला त्यावरूनच ठरवायचे आहे.

जुना प्रेक्षक
आपल्या आईंनी नेमका प्रश्न विचारला आहे. बालगंधर्वांचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धेच देतात. 1911 सालच्या 'मानापमान'मधील भामिनी, 1913 साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी, त्यांच्यासारखी साडी नेसू पाहणाऱ्या घरंदाज स्त्रिया, हे सर्वांना ठाऊक असते. आपण ज्या गडकरी रंगायतनाजवळ राहता, त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधूही त्यांनीच उभी केली. मात्र 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि हवा बदलली. बोलपटही आले होते. म्हणजे केवळ वय आडवे आले असे नाही; पायाखालची जमीनच सरकली होती.

1935 साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. पुरुषवेषातील बालगंधर्व लोकांना फारसे मानवले नाहीत, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे व स्त्रीवेषाकडे वळले. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातने विष्णुपंत पागनीस यांना तुकाराम केले. पागनीसही नाटकांत स्त्रीभूमिका करून आलेले नट होते. तरीही तुकाराम म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर त्यांचाच चेहरा येतो. हा फरक का पडला असावा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते बालगंधर्वांच्या स्त्रीरूपावर लोकांनी इतका जीव टाकला होता की त्या रूपाबाहेर पाऊल टाकण्याची मुभाच त्यांना उरली नव्हती. पागनीसांवर असे ओझे नव्हते. त्यांच्याही आधी भाऊराव कोल्हटकर 'सौभद्र' नाटकातील सुभद्रा गाजवून पुढे पुरुषभूमिकांकडे वळले होते, हेही लक्षात ठेवावे.

विंगेतला
मी रंगभूषा करतो, त्यामुळे थोडे वेगळे सांगतो. वरील सर्व उदाहरणे सौंदर्याच्या आभासाची आहेत. दुसरा प्रकार विजय चव्हाणांच्या 'मोरूची मावशी'चा. अत्र्यांच्या त्या नाटकाचे त्यांनी दोन हजारांहून अधिक प्रयोग केले, आणि त्यात लुगड्याआड पुरुष आहे हे प्रेक्षकाला सतत दिसत राहणे हीच गंमत होती. अशा भूमिकेला सुरकुत्या नडत नाहीत. दम मात्र लागतो. तमाशातल्या गवळणीतील मावशीचेही तेच आहे. तेव्हा आपण लावणीवाले आहात की मावशीवाले, हे आधी ठरवा. दोन्हींचा सराव वेगळा, रंगभूषाही वेगळी.

लाडेलाडे बोलण्याविषयी. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला आणि तो इतका बेमालूम होता की बायको-मुले असलेल्या त्या गृहस्थाला लोकांनी पडद्याबाहेरही तसेच समजून हिणवले. कलावंत म्हणून त्यांची ताकद मोठी होती. आपल्या प्रेक्षकाने त्यांना एका शिक्क्यात कोंडले. आपला आयोजक तोच शिक्का स्वस्तात मागत होता. सुपारी घेतानाच काय सादर करणार ते लिहून द्या, आणि निम्मे मानधन आगाऊ घ्या.

जाता जाता: टोप काढल्यावर कपाळावरचा गोंद नखाने ओरबाडू नका, आधी खोबरेल तेल मुरू द्या. चाळिशीत चेहरा शाबूत राहायला हवा असेल तर हेही कारकिर्दीतच मोजा.

कळव्याचा मालवणी
वरच्या चर्चेत दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातले लोकनाट्य, कोणीच आणला नाही, याचे आश्चर्य वाटले. आमच्याकडे सिंधुदुर्गात स्त्रीपार्टी नट आजही आहेत आणि जत्रेत त्यांच्या नावावर गर्दी जमते. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतो; त्यामुळे पतिव्रतेचा विलाप पंधरा मिनिटे चालवायचा की पाच, हे हार्मोनियम आणि मृदंगवाल्याकडे नुसते पाहून ठरते. स्वतःची रंगभूषा स्वतः करायची, पेटाऱ्यातले लुगडे-दागिने आपले आपण सांभाळायचे. असा नट वय झाल्यावर राजा होतो, ऋषी होतो, नव्या मुलांना स्त्रीपार्ट शिकवतो. ज्याला बोलता येते त्याला चाळिशीची भीती नाही. आपल्या नकला आणि प्रवेश, ज्यांना आपण जोडीला म्हणून ठेवले आहे, तेच खरे भांडवल असावे असे मला वाटते.

तलावपाळी
सर्वांचे आभार. नोकरी तूर्त सोडत नाही. पुढच्या सुपारीपासून सादरीकरणाचा कागद आधी देईन, आणि या पावसाळ्यात लावणीची तालीम कमी करून संवादांवर बसणार आहे. कळव्याच्या काकांचे उत्तर आईला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ते सगळे खरे, पण आपल्या दोन खोल्यांत पेटारा ठेवणार कुठे?"