मतदानाआधी पैसे वाटले म्हणून उमेदवार बाद?

कोर्टकचेरी: ‘निवडणुकीच्या तोंडावर सरकारी पैसे वाटले की सत्ताधाऱ्यांचे सगळे उमेदवार बाद करा’ ही पोस्ट सकाळपासून सगळीकडे फिरतेय. टाळ्या पिटण्याआधी कायदा तरी उघडा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(१): लाच हा ‘भ्रष्ट आचार’, आणि लाच म्हणजे उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने दिलेली. उमेदवार कोण? कलम ७९(ख): रीतसर नामनिर्देशन झालेला. आता लाडकी बहीण बघा. शासन निर्णय २८ जून २०२४, पहिले ३००० ऑगस्टात, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आगाऊ ३००० ऑक्टोबरच्या सुरुवातीला. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्ज २२ पासून. पैसे पडले तेव्हा कायद्याच्या लेखी एकही उमेदवार जन्मला नव्हता. बाद कोणाला करता?

आडवा डाव: मेख तिथेच आहे, वकीलसाहेब. निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून स्वतःला भावी उमेदवार म्हणवणाराही पूर्वी या व्याख्येत येत होता. जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाचा निवडणूक-याचिकेवरचा निकाल इंदिरा गांधींविरुद्ध गेला, ऑगस्टात व्याख्या आकसली, तीही मागच्या तारखेपासून. ती तुम्ही गाथेसारखी छातीशी धरून बसलाय.

कोर्टकचेरी: बदला ना व्याख्या! पुढे? निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका, सोबत नमुना २५ चं प्रतिज्ञापत्र, आणि त्या एका उमेदवाराची संमती फौजदारी खटल्याइतक्या काटेकोरपणे सिद्ध करायची. असं एकेका मतदारसंघात. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा ‘प्रयत्न’ करावा, असं ८६(७) सांगतं. प्रयत्न! त्यानंतर ८क खाली अपात्रता, ती जास्तीत जास्त ६ वर्षं. आणि विरोधक महिना ३००० देऊ म्हणत होते, त्यांचं काय? जाहीरनाम्यातलं आश्वासन भ्रष्ट आचार नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय.

आडवा डाव: आश्वासन वेगळं, खात्यात पडलेले पैसे वेगळे. निकालानंतर छाननी झाली आणि लाडकी बहीणच्या २६.३४ लाख लाभार्थींचा हप्ता थांबवल्याचं जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं. छाननी मतदानाआधी का नाही? सोयीचं उत्तर द्या.

भाकरतुकडा: अपात्र अपात्र करताय, पात्र बायकांचे पैसे कुठे जातात ते बघा आधी. फॉर्मला जिल्हा बँकेचं पासबुक जोडलेलं, पैसे पडले पोस्टाच्या पेमेंट बँकेत, कधीकाळी कॅम्पमध्ये उघडलेल्या खात्यावर. ती म्हणते हप्ता आलाच नाही, तालुक्याचं ऑफिस म्हणतं गेलाय.

मॅपर: डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात टाकणाऱ्या व्यवस्थेला, पासबुक दिसतच नाही, ताई. आधार बँकेला ‘लिंक’ असणं म्हणजे केवायसी, ओळख पटवणं, झालं, इतकंच. पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोचवणारी संस्था) मॅपरवर, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेला याच्या यादीवर, शेवटची नोंद ज्या बँकेची आहे तिथे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, ओटीपी टाका, बँकेचं नाव दिसेल. ‘इनॅक्टिव्ह’ असेल तर हप्ता माघारी.

भाकरतुकडा: आणि आधारला तिचा नाही, भावाचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणार कुठे? भावाच्या फोनवर. मग बसा बोंबलत. शिवाय आलेल्या १५०० मधून किमान शिलकीचा दंड कापणाऱ्या बँका वेगळ्याच.

कोर्टकचेरी: धागा उमेदवारांचा आहे, पासबुकाचा नाही.

भाकरतुकडा: तुमच्या कलमांनी कोणाची चूल पेटली?

आडवा डाव: ताई विषयावरच आहेत. एका कळीवर राज्यभर पैसे जातात, म्हणजे तारीख सरकारच्या हातात. बिहारमध्ये २६ सप्टेंबर २०२५ ला ७५ लाख बायकांना १०,००० प्रत्येकी, ६ ऑक्टोबरला आचारसंहिता, नंतरही वाटप चालूच. का, तर योजना ‘चालू’ आहे! २०२३ मध्ये तेलंगणात रयतु बंधूला, म्हणजे शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या योजनेला, निवडणूक आयोगाची आधी परवानगी, आणि मंत्र्याने सभेत ‘सोमवारी चहा-नाश्ता उरकायच्या आत पैसे येतील’ म्हटल्यावर मतदानाच्या तीन दिवस आधी ती रद्द. नियम एक, न्याय दोन.

कोर्टकचेरी: बरं बाबा. अपात्रतेचं खूळ सोडा, तारीख बांधा. महिन्याची ठरलेली तारीख, आगाऊ हप्ता नाही, नवे लाभार्थी नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने हेच केलं, नियमित हप्त्याला हो आणि आगाऊला नाही. पण हे विधानसभेआधी सहा महिन्यांपासून लागू करा म्हटलं की तुमचेच लोक बोंबलतील.

आडवा डाव: माझे लोक कोण, तेही तुम्हीच ठरवलंत. अर्धं मान्य केलंत, उपकार.

भाकरतुकडा: मॅपरभाऊ, पोस्टाची नोंद काढायला आधी पोस्टात जावं लागतं का?

मॅपर: नाही. जिथे पैसे हवेत त्या बँकेत संमती-फॉर्म भरा, आधीच्या बँकेच्या रकान्यात पोस्टाचं नाव लिहा. नवी नोंद झाली की जुनी आपोआप निघते. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.