‘रॉबरी’ (१९६७): सिग्नल असा फसवता येतो का?

होटगीरोडकर:
काल रात्री ‘रॉबरी’ बघितला. पीटर येट्सचा, स्टॅनली बेकर टोळीचा म्होरक्या. लंडनकडे निघालेली टपालगाडी लाल सिग्नल दाखवून थांबवतात आणि नोटांची पोती पळवतात. १९६३ च्या खऱ्या दरोड्यावर बेतलेला आहे. माझा प्रश्न सिग्नलचा. सिग्नल चालवणाऱ्या केबिननं हिरवा दिलेला असताना खाली उभा असलेला माणूस लाल कसा दाखवेल? केबिनमध्ये कुणाला कळत नाही? सोलापुरात रेल्वेवाल्यांची इतकी घरं आहेत, कुणीतरी नीट सांगा की ओ.

पाकणीचा सिग्नलवाला:
मी सोलापूर डिव्हिजनला सिग्नल मेंटेनर होतो, पाकणी-मोहोळचा पट्टा माझ्याकडे होता. प्रत्यक्षातल्या टोळीनं हिरवा दिवा विझवलाच नाही. त्यावर हातमोजा चढवला आणि लाल दिव्याला स्वतःच्या बॅटऱ्या जोडल्या. मेख इथं आहे. आमच्याकडे दिवा फ्यूज झाला की करंट तुटतो आणि केबिनला कळतं. नुसता झाकला तर करंट चालूच राहतो.

८ ऑगस्ट १९६३, पहाटे ३ नंतरची वेळ. डिस्टंटला, म्हणजे आधी इशारा देणाऱ्या सिग्नलला, पिवळा दिसला म्हणून ड्रायव्हर जॅक मिल्सनं वेग कमी केला, होमला, म्हणजे पुढच्या थांबायच्या सिग्नलला, लाल दिसला म्हणून गाडी उभी केली. त्याचा सहकारी डेव्हिड व्हिटबी उतरून सिग्नलजवळच्या फोनवरून विचारायला गेला, तर तारा कापलेल्या. दोघांनी नियम पाळला आणि नेमके त्यातच सापडले. मिल्सच्या डोक्यात दांडका घातला. पुढं टोळीनं आणलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला ते डिझेल इंजिन हलवता येईना, तेव्हा रक्तबंबाळ मिल्सलाच बसवून इंजिन आणि पुढचे दोन डबे तेवढे तोडून पुढच्या पुलापर्यंत नेले. तो त्यातून पुरता सावरला नाही. १९७० साली गेला.

चित्रपटाची बांधणी पक्की आहे, मीही दोनदा बघेन. पण या दरोड्याचं नाव निघालं की लोक टोळीच्या डोक्याचं कौतुक करतात, ते मला सहन होत नाही. मोहोळजवळ रात्री शिडीवर चढून बल्ब बदलायचो, दोन्ही अंगाला ज्वारी. मागून येणारा ड्रायव्हर हा दिवा खरा धरूनच येणार, एवढंच डोक्यात असायचं. त्या लोकांनी वापरलं ते हेच.

सातरस्ता सिनेमा:
काकांचं पटलं. चित्रपटाबद्दल थोडं. सुरुवातीचा लंडनमधला मोटारींचा पाठलाग पुन्हा बघा. तो बघूनच नट स्टीव्ह मॅक्वीननं येट्सला ‘बुलिट’साठी (१९६८) घेतलं. गाडी कोपऱ्यावर वळताना कॅमेरा आतच बसलेला वाटतो. पात्रांची नावं बदललेली आहेत आणि टोळी लपते ती जुन्या हवाई तळावर. प्रत्यक्षात लेदरस्लेड फार्म नावाचं शेतघर होतं. तिथं मोनोपॉलीच्या खेळावर आणि केचपच्या बाटलीवर ठसे सापडले. लूट सुमारे २६ लाख पौंड! जाताना टपालवाल्यांना ‘अर्धा तास हलू नका’ असं बजावलं, त्यावरून अड्डा ३० मैलांच्या आत असणार हे पोलिसांनी ताडलं.

होटगीरोडकर:
काका, इंजिन आणि पुढचे दोन डबे तोडून नेले म्हणता, मग मागच्या डब्यांतल्या लोकांना काहीच कळलं नाही?

पाकणीचा सिग्नलवाला:
नाही ना. मागं सत्तरएक टपाल कर्मचारी सॉर्टिंग करत होते, आपल्या आरएमएससारखे (रेल्वे टपाल सेवा). सिग्नलला गाडी थांबते यात त्यांना नवल काय? पण मला काळजी वाटते ती त्या उभ्या डब्यांची. इंजिन नाही, आणि त्याच लाइनवर मागून दुसरी गाडी येऊ शकते. आपल्याकडे असं झालं तर गार्डनं आधी मागं पळायचं. ६०० मीटरवर एक डिटोनेटर (रुळावर ठेवायचा, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारा), १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. आम्ही त्यांना पटाखेच म्हणायचो. पुढं काय चोरीला गेलं, ते नंतर बघायचं.